तळघराच्या खिडकीचे गज

वर स्वयंपाकघरात कोण उभं आहे ते मला खालून कळतं. सून टाचेवर जोर देऊन चालते. मुलगा पाय घासत चालतो. त्याचे वडीलही तसेच चालायचे. दोघी नाती धावत येतात आणि फ्रीजपाशी थांबतात. मी तळघरात राहते. त्यांची लाकडी जमीन, ते माझं छत.

लीड्समधली ही घरं दगडाची, एकाला एक चिकटलेली, आणि प्रत्येकाच्या पोटात एक तळघर. पूर्वी त्यात कोळसा ठेवायचे. कोळसेवाला रस्त्यावरची लोखंडी झडप उघडून पोतं ओतायचा आणि कोळसा घसरत खाली जायचा. ती झडप अजून आहे, गंजून बसलीय. मुलाने घर घेतलं तेव्हा खाली सायकली, रंगाचे डबे आणि ख्रिसमसचं प्लास्टिकचं झाड होतं. भिंतीला हात लावला की बोटं काळी व्हायची आणि ओलीही.

मी त्याआधी लेस्टरला होते. लग्न होऊन थेट तिथेच आले. हे कारखान्यात, लोखंडाच्या कामावर. मी घरी मशीनवर होजिअरीचं शिवणकाम करायची. कापड घरी यायचं, शिवलेला माल घरून जायचा. बाहेर पडायची पाळी कमीच आली. गावात माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, त्यात इंग्रजी नव्हतं, आणि इथे येऊनही ते आलं नाही. गल्लीत सगळ्या गुजराती बायका, म्हणून गुजराती आलं. दुकानात, दवाखान्यात, बसस्टॉपवर कोणी ना कोणी गुजराती बोलणारं असायचंच. माझं सगळं त्यावर भागलं.

हे गेल्यावर मी तिथे एकटी राहीन असं मला वाटत होतं. मुलाला वाटत नव्हतं. एकदा मी जिन्यात घसरले, फार लागलं नाही, पण त्याने ते मनात धरलं. घर विकलं आणि मी लीड्सला आले. या गल्लीत गुजराती कोणी नाही. शेजारच्या बाई चांगल्या आहेत, हात हलवतात. मीही हलवते.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मुलगा-सून आणि नाती. मला पुढच्या खोलीत सोफा उघडून पलंग करून द्यायचे. सगळ्यांचं टीव्ही बघणं संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहायची. बसलेल्या माणसांना उठा कसं म्हणायचं? सुनेच्या लक्षात आलं की ती टीव्ही बंद करायची, मग नाती तोंड वाकडं करून वर जायच्या. ते मला जास्त लागायचं.

असं किती चालणार, म्हणून मुलाने एका रविवारी मला गाडीतून म्हाताऱ्या माणसांचे फ्लॅट दाखवायला नेलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला. स्वच्छ होते, गरम होते. न्हाणीघरात एक लाल दोरी होती, पडलं तर ओढायची. खाली मोठ्या खोलीत भिंतीला लावून खुर्च्या आणि त्यांवर माणसं, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. एका बाईंनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी मान हलवली. काय विचारलं ते आजही माहीत नाही. परत येताना मुलगा म्हणाला, छान आहे ना, आई? मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला नको होतं. पण नको म्हटलं तर माझ्यासाठी दुसरी जागा कुठे आहे, हे त्यालाच सांगावं लागलं असतं, आणि ती जागा नव्हती.

तळघराची कल्पना सुनेची. ती पुण्याची, इथे नोकरीसाठी आली आणि माझ्या मुलाशी लग्न केलं. बोलते थोडं, पण पक्कं. ती म्हणाली, खालचं नीट करून घेऊ, आई खाली राहतील, न्हाणीघरही होईल. मला इतकं बरं वाटलं की मी उठून भांडी घासायला लागले.

पण तळघरात माणूस झोपवायचा तर तशी खिडकी लागते. ही गोष्ट मला तेव्हा कळली. खालचा जिना स्वयंपाकघरात निघतो. आग लागली तर बहुतेक स्वयंपाकघरातच लागायची, मग खालच्या माणसाने जायचं कुठून? म्हणून एक खिडकी अशी हवी की माणूस तिच्यातून बाहेर निघेल. फार उंचावर नको, फार अरुंद नको, आणि आतून सहज उघडणारी. कौन्सिलकडून बघायला येतात. त्यांनी होकार दिला तरच ती झोपायची खोली, नाहीतर ते तळघरच. म्हणजे खिडकीला होकार मिळाला तर मी या घरात, नाहीतर लाल दोरीच्या फ्लॅटमध्ये. असं मला कोणी तोंडाने सांगितलं नाही. पण घरात तिसरी जागा कुठेच नव्हती.

काम करायला एक वयस्क माणूस यायचा, इथलाच, यॉर्कशरचा. इथे त्यांना बिल्डर म्हणतात, मी मनात मिस्तरीच म्हणायची. तो मला लव्ह म्हणायचा. इथे बसचा ड्रायव्हरही सगळ्यांना लव्ह म्हणतो, पण पहिल्यांदा ऐकून मला कानकोंडं झालं. मी चहाचा ट्रे जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची, दारावर टकटक करायची आणि आत निघून यायची. थोड्या वेळाने कप तिथेच, विसळून उपडे ठेवलेले असायचे.

मागच्या बागेत घराच्या भिंतीला लागून त्याने मोठा खड्डा खणला. माती काळी, मग पिवळी चिकणमाती, मग दगड. खड्ड्याच्या बाजू विटांनी बांधून घेतल्या, त्यांना पांढरा रंग दिला आणि वर यायला एका बाजूला पायऱ्या केल्या. मी त्याला हौद म्हणते. तळाला जाड खडी आणि खडीखाली पाणी निघून जायचा पाइप. आपल्याकडे हौदात पाणी साठवतात, या हौदात पाणी थांबू द्यायचं नाही, एवढाच फरक. मग त्याने घराच्या दगडी भिंतीला आधार देऊन खालचे दगड काढले. तो दिवस मी पुढच्या खोलीतच बसून होते. एवढं जुनं घर, आणि कोणी त्याचा दगड काढतंय. पण घर काही हललं नाही.

भिंतींना आतून काळं जाड प्लास्टिक लावलं, गाठीगाठींचं. मागून ओल आली तरी ती त्याच्यामागूनच खाली उतरायची आणि नाल्यात जायची. खोलीला कळायचंही नाही. मुलाने मला हे हातवारे करून समजावलं. मी हो म्हटलं, पण माझी खात्री झाली नाही. इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूने शिरतो.

म्हणून मी पापड ठेवला. माझी आई धान्याच्या खोलीत कोपऱ्यात कच्चा पापड ठेवून द्यायची. सकाळी तो मोडून बघायचा. कडकन मोडला तर खोली कोरडी, वाकला तर सादळला, म्हणजे खोलीत ओल. मी उडदाचा एक पापड बशीत घालून तळघराच्या कोपऱ्यात ठेवला. पहिल्या दिवशी मिस्तरी त्या बशीला वळसा घालून काम करत होता. त्याला वाटलं उंदरांचं विष आहे. मुलाने संध्याकाळी त्याला सांगितलं तेव्हा तो खूप हसला. त्याच्याकडे भिंतीला टोचून ओल सांगणारं यंत्र होतं, पिपाणीसारखं वाजायचं. तेव्हापासून तो आधी यंत्र टोचायचा आणि मग वाकून पापडाकडे बघायचा. एक दिवस मी ट्रे ठेवायला गेले तर त्याने माझ्यासमोर पापड उचलला, मोडला. कडकन आवाज आला. त्याने अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि त्याचं तोंड असं झालं की मी हसले. कच्चा होता ना. या घरात मी आवाज करून हसले ते तेव्हाच. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मी दोन पापड भाजून ठेवले.

खिडकी बसली त्या दिवशी त्याने बागेतला नळ लावून बादली भरली आणि हौदात ओतली. मग आणखी एक. मी आत उभी राहून काचेतून बघत होते. पाणी खडीवर आलं, फिरलं आणि खाली गेलं. त्याने काचेतून मला अंगठा दाखवला. मी पदर सारखा केला.

खिडकी आतल्या बाजूला उघडते, दारासारखी. रुंद आहे. मी खाली झोपायला गेले तेव्हा सगळं होतं, पलंग, दिवा, देव्हारा, ह्यांचा फोटो. तरी झोप येईना. खिडकीला नुसती काच होती. गावाकडे आमच्या घरात गजाशिवाय खिडकी नव्हती. खिडकी म्हणजे गज, त्यातूनच वारा यायचा. लेस्टरला आल्यावरही मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याचीच. नुसती काच, आणि तीही जमिनीलगत. हे रात्रपाळीला जायचे, मी खुर्ची खिडकीला लावून बसायची. मग ह्यांनी कारखान्यातल्या गजांचे तुकडे आणून एक चौकट करून दिली, स्वतः जोडलेली. मधला एक गज थोडा वाकडा होता. ह्यांना सगळे चिडवायचे की बायकोला तुरुंगात ठेवलंय. मी मात्र त्या रात्रीपासून झोपायला लागले. पुढे त्या गजांना मी दुधाचं फडकं वाळत घातलं, मुलाचा झोका बांधला, आणि ह्यांची वाट बघत त्यांना धरून उभी राहिले.

झोप येत नाही हे मी सुनेला सांगितलं, तेही तिने विचारलं म्हणून. असं सहज, की गजांची सवय आहे मला. ती म्हणाली, इथे कुणी लावत नाही, आई. विषय संपला, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी मुलगा गॅरेजमधून ड्रिल घेऊन आला. मला पुढच्या खोलीत बसायला सांगितलं. भिंतीतून बराच वेळ आवाज येत राहिला. मग मला खाली नेलं. खिडकीला बाहेरून ह्यांच्या हातचे गज होते. पांढरा रंग दिलेले, पण मधला गज वाकडाच. मला वाटलं होतं घर विकताना ते भंगारात गेले. त्याने ते काढून आणून ठेवले होते आणि मला सांगितलं नव्हतं. मी गजाला हात लावला. गार होता. मुलगा म्हणाला, “आता झोप येईल ना तुला?” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेवढाच.

झोप आली. खूप दिवसांनी मी सकाळी उशिरा उठले.

मग कौन्सिलकडून तपासायला एक बाई आल्या. तरुण होत्या, पायात जाड बूट. त्यांनी छताकडे बघितलं, धुराचा भोंगा वाजवून बघितला, पाइप बघितला. सगळ्याला मान डोलावली. मग खिडकी उघडली आणि तशाच उभ्या राहिल्या. एक हात पुढे करून गज हलवून बघितले. मुलाकडे वळून बोलायला लागल्या, रागाने नाही, हळू, लहान मुलाला सांगावं तसं. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्या गेल्यावर मी त्याला विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, “काही नाही, थोडा काम राहिला आहे.” त्याचं मराठी असंच, इथे वाढलेलं. पण त्याचा चेहरा मला वाचता येतो.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी खाली आले. वर ती दोघं भांडी आवरत होती. त्यांना माहीत नव्हतं की लाकडी जमिनीतून सगळं खाली येतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. मला ते आवडायचं. कोणाचं ऑफिसात काय झालं, मोठ्या नातीची परीक्षा कधी, बटाटे संपले, सगळं मला खाली बसून मिळायचं. कोणी माझ्याशी बोलत नसायचं, पण मी एकटी आहे असं वाटायचं नाही.

सून म्हणत होती, “अरे, सांग ना आईंना. गज काढायचेत एवढंच तर आहे.”

मुलगा म्हणाला, “बाबांचं आठवण आहे तो. लेस्टरचं घर घेतलं तिच्याकडून. आता हे पण काढू?”

“मग खोली पास होणार नाही. आणि उद्या खरंच काही झालं तर? त्या बाई बरोबर बोलल्या, पिंजरा आहे तो.”

नळाचं पाणी वाहत होतं. मग तो म्हणाला की त्या फ्लॅटवाल्यांना परत फोन करून बघतो, तिला तो आवडला होता, ती नाही म्हणाली नव्हती.

सून म्हणाली, “त्या कधी नाही म्हणतात?”

पुढे त्यांचं बोलणं इंग्रजीत गेलं. मी पलंगावर बसून होते. समोर खिडकी, खिडकीला गज, मागे पांढरी भिंत.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. सगळे आपापल्या कामाला. मी खिडकी उघडली आणि गज दोन्ही हातांनी धरले. ओढून बघितले. मुलाने मोठ्या स्क्रूंनी बाहेरून भिंतीत पक्के बसवले होते, माझ्या ताकदीने काही होणार नव्हतं. मी डोळे मिटून विचार केला की जिन्यात धूर आहे आणि मी इथे उभी आहे. मी हात सोडले आणि मागे आले.

तेव्हा मला लेस्टरच्या खिडकीजवळचा खिळा आठवला. त्या खिळ्याला हे एक पाना टांगून ठेवायचे. सगळी हत्यारं पेटीत असायची, पाना तेवढा खिळ्याला. मी एकदा पेटीत ठेवला तर ह्यांनी परत काढून टांगला. चौकट आतून नटांनी बसवलेली होती. नवीन नवीन असताना ह्यांनी माझ्या हातात पाना देऊन एक नट सोडवून घेतला होता, माझ्याकडून, आणि परत आवळूनही घेतला होता. मला वाटलं गंमत करतायत. म्हणून मी ते विसरूनही गेले. गज मला झोप लागावी म्हणून होते. पाना मला बाहेर पडता यावं म्हणून होता. आणि पाना कुठे गेला ते मला माहीत नव्हतं. घर विकलं त्या गडबडीत कोणीतरी टाकला असेल. माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?

सगळा दिवस मी एक वाक्य मनात म्हणत होते. भाजी चिरताना, कपडे घड्या करताना. वाक्य लहान होतं, पण या घरात मी स्वतःहून काही मागितलं नव्हतं, आणि आता मागायचं ते हे. मुलगा संध्याकाळी आला, सून त्याच्या मागून आली. मी चहा टाकला. कप हातात दिले. मग त्याच्याकडे न बघता म्हटलं, “गज काढ.”

तो थांबला. “कोणते?”

“खिडकीचे. काढ ते.”

“आई, नको. मी बघतो काहीतरी.”

“काही बघू नको. मला फ्लॅटमध्ये नाही जायचं. मला इथे राहायचंय. ते काढ.” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तो सुनेकडे बघायला लागला, सून त्याच्याकडे. तो म्हणाला, “तुला कोणी सांगितलं?”

“खाली सगळं ऐकू येतं.”

सुनेने कप खाली ठेवला. तिचा चेहरा लाल झाला आणि मग तिला हसू आलं. “सगळं म्हणजे, आई, किती?”

“बटाटे संपले तेही,” मी म्हटलं.

मुलगा हसला नाही. त्याने विचारलं की बाबांची आठवण आहे, तुला वाईट नाही वाटणार? मी त्याला पान्याची गोष्ट सांगितली. नीट सांगता आली नाही, पण त्याला समजलं. तो बराच वेळ चमच्याने चहा ढवळत बसला. त्यात साखर नव्हती.

मिस्तरी आला आणि त्याने गज काढले. चौकट हातात धरून त्याने मला काहीतरी विचारलं. कुठे ठेवू, असंच असणार. मी म्हटलं, “गार्डन.” त्याच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द. त्याने ती बागेच्या भिंतीला टेकवून ठेवली, खिडकीतून दिसेल अशी. मग भोकं बुजवली, आणि मुलाने सांगितल्यावर खिडकीखाली एक लाकडी पायरी करून दिली, हलणार नाही अशी.

कौन्सिलच्या बाई परत आल्या, तेव्हा मिस्तरीही आला होता. खिडकी उघडली, बंद केली, हौदात उतरून बघितलं, पुन्हा पायऱ्यांनी वर गेल्या. मग मुलाला काही विचारलं. मुलगा माझ्या गुडघ्याकडे हात करून सांगत होता. मला कळलं की ही बाई विचारतेय, इथे झोपणार त्या म्हाताऱ्या बाईला जमेल का? आणि मुलगा, खरं बोलायची सवय असलेला, म्हणतोय की तिचा गुडघा दुखतो.

मी पदर कमरेला खोचला. निऱ्या जरा वर घेऊन त्याही खोचल्या, विहिरीत उतरताना खोचायचो तशा. मुलगा म्हणाला, आई, काय करतेस, राहू दे. मी पायरीवर चढले, गुडघा चौकटीवर टेकला. दुखलं. सगळे बघत होते, मिस्तरी, त्या बाई, मुलगा, आणि मला मरणाची लाज वाटत होती. पायात जाड मोजे, पोटऱ्या उघड्या. पण मी दुसरा पायही वर घेतला आणि बाहेर खडीवर उतरले. मोजा भिजला. पायऱ्यांना हात लावून लावून वर गेले आणि गवतावर उभी राहिले.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, बरं झालं. त्या बाईंनी मान डोलावली आणि मुलाशी हात मिळवला. मिस्तरीने फक्त म्हटलं, लव्ह, आणि पुढे काहीतरी, मला न कळलेलं. मी पदर सोडला, निऱ्या सारख्या केल्या आणि मागच्या दाराने आत गेले, चहा ठेवायला.

अशी ही खोली माझी झाली. फ्लॅटचं नाव परत निघालं नाही. त्यालाही आता बरेच महिने झाले. सगळे बाहेर गेले की मी कधीकधी खिडकीतून बाहेर निघते, सवय राहावी म्हणून. गजांची चौकट तिथेच आहे, तिच्यावर आता शेजारची वेल यायला लागलीय. मी पायरीवर थोडी बसते. एकदा आत जायला मागच्या दाराशी आले तर दार आतून बंद, किल्ली आत. मग पुन्हा हौदात उतरून खिडकीतूनच आत गेले. आत जाणं बाहेर येण्यापेक्षा अवघड आहे. हे मी कोणाला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. खाली सगळं ऐकू येतं, असं मी बोलून गेले, आणि त्या दिवसापासून वरचं बोलणं कमी झालं. त्यांनी काही ठरवलं असेल असं नाही. दोघंही भली आहेत. पण आता बोलायचं असलं की ती पुढच्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. नाती स्वयंपाकघरात आल्या की सून त्यांना हळू बोला म्हणते, आजी खाली आहे. माझी झोप मोडू नये म्हणूनच म्हणत असेल. आता मला फक्त पाय ऐकू येतात. टाचा, घासलेले पाय, धावणं, फ्रीजचं दार. बटाटे संपले की आहेत ते कळत नाही. पूर्वीसारखं बोला, मला चालतं, मला ते हवंय, असं एकदा वर जाऊन सांगायचं मनात आहे. वाक्य तयार आहे. गज काढ यापेक्षा ते लांब आहे.

मागच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस लागून होता, बाजूने शिरणारा. हौदातली खडी काळीभोर झाली होती, पण पाणी थांबलं नाही. मी कोपऱ्यात बशीत पापड ठेवला. सकाळी सगळ्यांचे पाय दाराबाहेर गेल्यावर उठून तो मोडला. कडकन मोडला. दाखवायला कोणी नव्हतं. मग वर जाऊन ते दोन्ही तुकडे गॅसवर भाजले, चहा केला आणि ट्रे घेऊन खाली आले.